वाकड्या बासरीची हाक

बासऱ्या पाण्यातून काढून स्वच्छ करायची कल्पना माझी होती आणि चुलीवरचं आधण स्वयंपाकवाल्या बाईंचं. पुढं जे झालं त्यात चूक कोणाची, यावर आम्हा दोघींचं अजून एकमत झालेलं नाही. मी वर्गातून ‘कोमट पाणी’ असं ओरडून सांगितलं होतं. बाई म्हणतात, त्यांना फक्त ‘पाणी’ ऐकू आलं. मी बाहेर आले तेव्हा खिचडीच्या मोठ्या पातेल्यात बासऱ्या रटरटत होत्या आणि बाई लांब दांड्याच्या सराट्यानं त्या खालीवर करत होत्या.

“काय करून राह्यल्या बाई?” मी विचारलं.

“शिजल्या का पाहून राह्यली,” त्या शांतपणे म्हणाल्या.

बहुतेक वाचल्या. दोन-तीन तोंडाशी मऊ पडल्या, त्या टाकून द्याव्या लागल्या. एक मात्र खालच्या अंगाला अशी वाकली की गवारीची शेंग वाटावी. तीही टाकणारच होते, पण सवयीनं फुंकून पाहिली तर वाजली. वाजली म्हणजे किंचाळली. शाळेच्या कौलांवरचे कावळे उडाले आणि बाईंच्या हातातला सराटा पडला. मी ती बाजूला ठेवून दिली.

या बासऱ्या आडव्या धरायच्या नव्हेत. प्लास्टिकच्या, उभ्या, टोकाशी तोंड लावून फुंकायच्या. इंग्रजी शाळांत त्यांना रेकॉर्डर म्हणतात. माझे वडील वीज केंद्रात होते, त्यामुळे माझं लहानपण चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये गेलं आणि तिथल्या शाळेत संगीताच्या सरांनी आम्हाला ही बासरी शिकवली. पुढं मी जिल्हा परिषदेची शिक्षिका झाले. एकदा सर चंद्रपूरच्या बाजारात भेटले. निवृत्त झाले होते. मी लहान मुलांना शिकवते म्हटल्यावर ते मला घरी घेऊन गेले आणि एक पोतं दाखवलं. शाळेतली बँडची खोली मोडली तेव्हा टाकून द्यायला काढलेल्या बासऱ्या त्यांनी घरी आणून ठेवल्या होत्या. “घेऊन जा,” म्हणाले, “इथं त्या उंदीर वाजवतात.” पोतं त्यांनी स्वतः माझ्या स्कूटीला बांधलं आणि गाठ बसली की नाही हे दोनदा ओढून पाहिलं.

माझी शाळा सिंदेवाहीहून आत, जंगलाचा पट्टा ओलांडला की लागणाऱ्या एका लहान गावात. चौथीपर्यंत वर्ग, खोल्या दोन, शिक्षक दोन. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव मोठे सर म्हणतं. मोठे सर सावली तालुक्यातले, धानाच्या मुलखातले. माणूस देवासारखा, पण शाळेच्या वस्तूंच्या बाबतीत सापासारखा. एकदा शाळेचा फुटबॉल कोणीतरी सुट्टीत घरी नेला, तो परत आला तेव्हा आत हवा नव्हती आणि बाहेर चामडं नव्हतं. तेव्हापासून शाळेची वस्तू शाळेच्या फाटकाबाहेर जाणार नाही, हा त्यांचा कायदा झाला. बासऱ्यांचं पोतं पाहून त्यांनी पहिलं वाक्य हेच उच्चारलं. दुसरं वाक्य होतं, “मॅडम, ही पेंपें माझ्या गणिताच्या तासाला नको.”

जेवणानंतरचा तास मला मिळाला.

ज्यांना वाटतं की ही बासरी सोपी आहे, त्यांनी ती दुसरीतल्या मुलांना शिकवून पाहावी. या वयात समोरचे दात पडलेले असतात. वारा बासरीत जायच्या ऐवजी फटीतून बाहेर जातो आणि बासरीतून नुसती लाळ ठिबकते. बोटं इतकी बारीक की भोक झाकायच्या ऐवजी भोकात जातात. मागचं भोक अंगठ्यानं झाकायचं असतं, ते सगळे विसरतात, आणि मग जो आवाज निघतो त्याला आमच्या वर्गात रानडुकराचं पिल्लू म्हणायचे. “मॅडम, याच्यात पिल्लू घुसलं,” असं म्हणत शेजारचा बासरी उलटी करून आपटायचा. मी फार सोशिक बाई नाही. रोज दोनदा तरी मी पोतं पुन्हा स्कूटीला बांधायची धमकी द्यायची, आणि पोरं ती धमकी पाढ्यासारखी पाठ करून माझ्याआधी म्हणून दाखवायची.

सुरांना आम्ही नावं बोटांवरून दिली होती. एकच बोट ठेवलं की ‘एक’, दोन ठेवली की ‘दोन’, तीन ठेवली की ‘तीन’; बोटं जितकी कमी तितका सूर उंच. पहिले कित्येक दिवस आमचं सगळं संगीत एवढ्यातच मावत होतं. फुंकायचं नाही, जिभेनं ‘तू’ म्हणत श्वास सोडायचा, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. श्रावण गेला, पोळा झाला, आणि हळूहळू पोरं खरोखर वाजवू लागली. ‘तीन, दोन, एक’ अशी चढती ओळ, मग ‘एक, दोन, तीन’ अशी उतरती. एवढंसं गाणं, पण पहिल्यांदा कोणीतरी ते न अडखळता वाजवलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्या पोराला खडूचा अख्खा नवा तुकडा बक्षीस दिला.

अडचण वेगळीच निघाली. एकेकटी सगळी वाजवत, पण एकत्र म्हणून वाजवत नसत. मी ‘एक दोन तीन चार’ मोजून हात खाली आणला की कोणीतरी एक सुरू करी, आणि बाकीचे बासरी तोंडापासून दूर धरून अदबीनं गप्प बसत. त्याचं संपलं की पुढचा. त्याचं संपलं की त्याच्या पुढचा. गोल बसवलं, पाठीला पाठ लावून बसवलं, डोळे मिटायला लावले, तरी तेच. मला वाटलं लाजतात. मग वाटलं मुद्दाम करतात. मोठे सर दारातून पाहून म्हणाले, “पाळीनं वाजवून राह्यले मॅडम, शिस्त आहे पोरायले.” मला त्यांच्या डोक्यात खडू मारावासा वाटला.

वर्गात तिसरीतली एक मुलगी होती. बारीक, सावळी, एक वेणी घट्ट आणि दुसरी सुटलेली. गणितात पेंगायची. बाकी सगळी पोरं सरळ बासऱ्यांसाठी भांडत असताना तिनं पहिल्याच दिवशी ती वाकडी उचलली होती. मला वाटलं गरीब आहे, भांडता येत नाही, म्हणून मी तिला बदलून द्यायला गेले. ती बासरी पाठीमागं लपवून म्हणाली, “हेच पाह्यजे मले. हे सगळ्यायहून मोठ्यानं ओरडते.”

तिचं वाजवणं मला मुळीच आवडत नसे. ती जीव खाऊन फुंकायची. मी म्हणायची, हळू, कान फाटतील. ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी आणखी जोरात. मग एक दिवस तास संपल्यावर बासऱ्या पेटीत ठेवताना ती माझ्याजवळ थांबली. तिनं विचारलं, “मॅडम, याचा आवाज नाल्यापलीकडं जाते का?”

“काऊन?” मी म्हटलं. चिडले किंवा दचकले की माझ्या तोंडून ऊर्जानगरची शाळा निघून जाते आणि चंद्रपूर तेवढं उरतं.

“घरी नेऊ का मी हे? मायसाठी.”

तिनं सांगितलं ते असं. वडील ऊर्जानगरला ठेकेदाराकडं कामाला, सणावारी येतात. घरी ती, धाकटा भाऊ, आजा आणि माय. नाल्याच्या पलीकडं, अगदी जंगलाला लागून त्यांची धानाची बांधी, म्हणजे शेत. धान लोंबीवर आला की डुकरं येतात, म्हणून रात्री मचाणीवर बसून राखण करायची. इकडं त्याला जागल म्हणतात. त्या रानात वाघ आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळं अंधारात कोणी खाली उतरत नाही, मचाणीवरूनच हाका देतात. सगळ्यात आधी जंगलाच्या काठचा माणूस हाक देतो, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, अशा हाका गावापर्यंत येतात. प्रत्येकाची हाक वेगळी. एकाची हाक चालू असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, कारण मग कोणाची आली आणि कोणाची राहिली ते समजत नाही. घरचं माणूस आपली हाक ऐकतं, अंगणातून ‘हो’ देतं आणि झोपी जातं.

मी मध्येच थांबवून विचारलं, “म्हणून तुम्ही एकत्र वाजवत नाही?”

ती माझ्याकडं अशी पाहत राहिली की जणू मी विचारलं होतं, जेवताना तोंडानं का जेवता. “एक बोलून राह्यला असन तं दुसऱ्यानं कसं बोलाव मॅडम?”

आणि मग खरी गोष्ट. उन्हाळ्यात तिच्या आईच्या गळ्यातली गाठ काढली होती. गाठ गेली, तब्येत सुधारली, पण आवाज बसला तो पुन्हा उठला नाही. जवळ बसलं तर ऐकू येतं, अंगणातून स्वयंपाकघरात येत नाही. आधी गावातल्या विहारात पौर्णिमेला वंदना हीच बाई सांगायची आणि सगळे तिच्या मागून म्हणायचे. मुलगी म्हणाली, “आता माय सांगत नाई. मागं बसते.” हे सांगताना तिचा स्वर अगदी साधा होता, आणि मी मात्र उगाच पेटीचं कुलूप चाचपत बसले.

“मचाणीवरून हाक देते माय, पन घरापर्यंत येत नाई न.”

शेजारच्या मचाणीवर तिचे काका-काकू असतात. काका दोन्ही मचाणींच्या नावची हाक देतो. मी म्हटलं, मग झालं की. ती म्हणाली, “काका सवयीनं देऊन राह्यला असन तं? मायकडं न पाहता?” आज्याला ऐकू येत नाही. म्हणजे ऐकायचं काम हिचं एकटीचं. आपली हाक येत नाही तोवर झोप नाही, आणि आपली हाक तर येतच नाही. गणितात का पेंगते ते मला तेव्हा कळलं. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की राग येतो, तसा तो आला, आणि समोर मोठे सरच होते.

मोठ्या सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि नाही म्हणाले. एकीला दिली की उद्या सगळे मागतील, आणि परवा माझ्याकडं उकळायला एकही राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतं, म्हणून मी आणखी चिडले. “सर, एक फुटबॉल गेला तं तुम्ही किती वर्षं सुतक पाळून राह्यले?” मी म्हटलं. ते हसले नाहीत. आठवडाभर आमचं बोलणं फक्त हजेरीपुरतं होतं.

मी दुसरे रस्ते काढून पाहिले. मोबाइलचं नेटवर्क नाल्याच्या अलीकडंच दम तोडतं. सिंदेवाहीच्या बाजारातून एक चांगली दणदणीत शिट्टी आणली आणि मोठ्या ऐटीत मुलीला दिली. दुसऱ्या दिवशी तिनं ती परत आणली. “मायनं नाई म्हटलं. शिट्टी वाजली म्हंजे वाघ दिसला. सारं गाव काठ्या घेऊन धावन.” बरोबरच होतं, जंगलाकडच्या गावांत शिट्टी कशासाठी असते हे मला सुचायला हवं होतं. मग मी माझी स्वतःची बासरी तिच्यापुढं धरली. वडिलांनी घेऊन दिलेली, पिवळट पडलेली, आजवर मी कोणाला हात लावू दिला नव्हता. देताना जीव तुटत होता. तिनं ती वाजवून पाहिली आणि तितक्याच सभ्यपणे परत केली. “हे लय हळू वाजते मॅडम. वाकडीच पाह्यजे.”

मला अपमान वाटला आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदमच.

तोवर दसरा झाला होता. हलका, लवकर पिकणारा धान कापणीला येत होता, उशिराचा भारी धान लोंबीवर होता, आणि डुकरं सुरू झाली होती. रोज सकाळी मी पहिल्यांदा त्या मुलीचे डोळे पाहायची आणि रोज ते लाल असायचे. एके दुपारी ती गणिताच्या तासाला पाटीवर डोकं ठेवून झोपली. मोठ्या सरांचा तास. ते हळू आवाजात शिकवत राहिले, फळ्यावर खडूही दाबून ओढला नाही, हे मी शेजारच्या खोलीतून पाहिलं. त्यांच्याशी माझा अबोला होता.

शाळा सुटल्यावर ते माझ्या खोलीत आले. पेटी उघडी होती. त्यांनी वाकडी बासरी उचलली, एक डोळा मिटून तिच्या आत पाहिलं, मग ती टेबलावर ठेवली. ती घरंगळून खाली पडली. त्यांनी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा पडली.

“ही सरळ नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“मोडकी आहे.”

“वाजते सर.”

“मॅडम, मी काय म्हणून राह्यलो ते ऐका. ही मोडकी आहे. मोडक्या वस्तू मी मोजत नसतो.” मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “माझी मायपण जागलीवर जाये. आम्ही भावंडं अंगणात बसून राहू.” आणि जाता जाता दारात थांबून, “पन धान निघाला की वापस आनाले सांगा. मोडकी असली तरी.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलीची आई शाळेत आली. ओच्यात सीताफळं आणि गळ्याभोवती घट्ट पदर. तिचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागलं. “पोरगी म्हणून राह्यली का मले वाजवाचं आहे. मले कसं जमन मॅडम? फुकाले बी आवाजच लागत असन.”

“आवाज नाही लागत,” मी म्हटलं. “आवाज बासरीचा. तुमचा फक्त श्वास.”

तिनं जरा विचार केला. “श्वास तं आहे,” म्हणाली.

शिकवलं मी नाही. मी पायरीवर बसून सीताफळ खात होते आणि मुलगी आईला शिकवत होती. इतकी खाष्ट शिक्षिका मी जन्मात पाहिली नाही. “फुकू नको, श्वास सोड. अंगठा कुठी आहे तुवा? मागचं भोक कोन झाकन, शेजारीण?” माझी सगळी वाक्यं, माझ्याच सुरात, कमरेवर हात ठेवून. आई एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहून पदर तोंडाला लावत होती. तिला नुसतं हसता येत होतं, हसण्याचा आवाज येत नव्हता. पहिल्यांदा रानडुकराचं पिल्लू निघालं, दुसऱ्यांदाही. मग शेतात राबलेली ती जाड बोटं भोकांवर नीट बसली. पोरांच्या बोटांपेक्षा ती जास्त चांगली बसतात, कुठून वारा निसटत नाही. ‘तीन’ निघाला. मग ‘दोन’. मग ‘एक’, इतका उंच आणि टोकदार की स्वयंपाकवाल्या बाई चुलीपासून उठून बाहेर आल्या.

“थे माह्या पातेल्यातली आहे,” त्या सगळ्यांना सांगू लागल्या.

पुढचं मला सकाळी सकाळी पोरांकडून कळायचं. काल रात्री हिच्या मायनं वाजवलं. एकदाच वाजवलं. नाई, दोनदा, तू झोपला होता. आमच्या घरी बी ऐकू येते. आमचा बाबा म्हणते, जंगलाच्या काठची हाक आली, आता बाकीच्यायनं द्या. बाई जेमतेम तेवढंच वाजवायची, ‘तीन, दोन, एक’, मचाणीवरून, सगळ्यांच्या आधी, कारण तिचीच मचाण सगळ्यात पलीकडची. अंगणातून मुलगी ‘हो’ द्यायची. थोड्याच दिवसांत नाल्याच्या अलीकडच्या सगळ्या घरांतली पोरं त्या आवाजाची वाट पाहूनच झोपू लागली. मुलीचे डोळे पांढरेशुभ्र झाले. गणितात ती आता पेंगत नसे, उलट शेजाऱ्याची चूक सांगायची, त्यामुळं भांडणं वाढली. मोठे सर म्हणाले, “आधीच बरी होती.” म्हणताना ते खूश होते, त्यांना लपवता येत नाही.

माझ्या वर्गाचं एकत्र वाजवणं मात्र जिथल्या तिथं होतं. आता कारण कळलं होतं, म्हणून चिडताही येत नव्हतं, आणि न चिडता शिकवणं मला जड जातं. मला एवढीच हौस होती, की सगळ्यांनी मिळून एकदा एक ओळ वाजवावी. मी समजावलं, ही जागल नाही, हे गाणं आहे, यात सगळे एकाच वेळी बोलतात. पोरं समजूतदारपणे मान हलवत, आणि मी हात खाली आणला की पुन्हा एकच जण वाजवी. मी ठरवून टाकलं होतं, पाळीनं तर पाळीनं. हेही काही वाईट नाही.

भारी धान पिवळा पडला त्या दिवसांतली गोष्ट. दिवसा पोपटांचे थवे उतरत, त्यामुळं मुलीची आई दुपारीही मचाणीवर असे. आमच्या खोलीची मागची खिडकी नाल्याकडं उघडते. जेवणानंतरचा तास होता, पोरं पोटभर जेवून सुस्त, बासऱ्या हातात. मी ‘एक दोन तीन’ मोजलं, चारसाठी हात वर नेला, आणि खिडकीतून तो आवाज आला.

तीन. दोन. एक.

दिवसाढवळ्या ती पहिल्यांदाच वाजवत होती. रात्री अंधारात वाजवणं वेगळं. दुपारी सगळं गाव ऐकतं, बांधावरची माणसं पाहतात, आणि ही बाई लोकांत बोलायचं टाळून कित्येक महिने मागं बसलेली. मुलगी ताठ झाली. रात्री तिच्या हातात बासरी नसे, ‘हो’ तोंडानं द्यायची. आज वर्गातली सरळ बासरी होती. तिनं ती तोंडाला लावली.

आणि बाकीच्या सगळ्यांनीही लावली. कोणी कोणाकडं पाहिलं नाही, कोणी थांबलं नाही. ‘एक, दोन, तीन’ अशी उतरती ओळ त्या खोलीतून एकदमच निघाली, दात पडलेल्यांची आणि न पडलेल्यांची, अंगठा विसरलेल्यांची सुद्धा. एकही पिल्लू घुसलं नाही. मी हात वर तसाच धरून उभी होते. शेजारच्या खोलीतला मोठ्या सरांचा आवाज बंद पडला. ते दाराशी येऊन उभे राहिले, हातात खडू.

नाल्याकडं काही क्षण शांतता होती. मला धास्ती वाटली की बाई घाबरली, लाजली, बासरी खाली ठेवली तिनं. मग पुन्हा आवाज आला. पण या वेळी हाक नव्हती ती. नवीनच काहीतरी होतं, आम्ही कोणी न शिकवलेलं: दोन, दोन, एक. वाजवून ती थांबली. जेवढा वेळ मागून म्हणणाऱ्यांसाठी थांबतात तेवढा वेळ. सगळ्या वर्गानं ते तसंच्या तसं मागून वाजवलं. मग तिनं पुढचं दिलं, थोडं लांब. तेही सगळ्यांनी वाजवलं. मग आणखी पुढचं.

माझे डोळे वाहायला लागले आणि मी ते पुसले नाहीत. मोठे सरही जागचे हलले नाहीत.

मुलगी माझ्याकडं वळली. वर्गात ती कधी एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती.

“मॅडम, माय सांगून राह्यली,” ती म्हणाली, आणि मागून वाजवायला तिनं बासरी पुन्हा तोंडाला लावली.